जमनाबाय आणि गवताचं प्रेत

जमनाबायने आमच्या वाचनालयाचं जेवढं नुकसान केलं तेवढं वाळवीलाही जमलं नाही, आणि तरी मी आजही तिच्याच बाजूचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मास्तरांनी एकांगी लिहिलं असं मागाहून कोणी म्हणायला नको. एकांगीच लिहिणार आहे.

मी तेव्हा डहाणूच्या शाळेत शिक्षक होतो आणि संध्याकाळी गावातलं वाचनालय उघडून बसत असे. जमनाबाय मासळी विकायची. खाडीत होड्या लागल्या की टोपली डोक्यावर चढवून ती निघे, ती गावातली घरं करत करत थेट स्टेशनपर्यंत. उंच, रुंद हाडाची बाई. आवाज असा की तिने आमच्या गल्लीच्या तोंडाशी "मांदेलीऽ" म्हटलं की मागच्या आळीतल्या बायका कढईत तेल घालत. जगातल्या प्रत्येक माणसाला ती 'तू' म्हणे. मामलेदारालाही. "तू घेतोस का नाय ते बोल, मना पुढं जायचाय," असं ती त्याला शिपायांच्या देखत सुनवायची आणि तो बिचारा घ्यायचा.

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं: "जमना इसरत नाय." उपकार असो की अपमान, ती दोन्ही सारख्याच काळजीने जपून ठेवी. मी हिवतापाने पडलो तेव्हा खाडीतल्या बोयटांचं कालवण दारात ठेवून गेली होती. का, तर तिच्या मुलीला, रेवाला, मी कधीतरी शाळेत पहिल्या बाकावर बसवलं होतं. आणि डॉक्टरांच्या बायकोने एकदा पापलेटाचा कल्ला उचलून बघून "शिळं आहे गं" म्हणून नाक मुरडलं, तर त्या घरासमोरून ती वर्षभर तोंड मिटून गेली. अलीकडच्या घरी ओरडायची, पलीकडच्या घरी ओरडायची, मध्ये गप्प. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्वतः फाटकापर्यंत येऊन हाक मारली, तेव्हा म्हणाली, "आज सगला ताजा हाय. शिला असंल तवा तुज्याकडं येईन." असा तिचा न्याय. त्यावर अपील नव्हतं.

तिचा नवरा लक्ष्मण तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. मी डहाणूला यायच्या आधीच एका वादळात त्याची होडी गेली. बरोबरचे खलाशी फळ्यांना धरून शेजारच्या चिखले गावाच्या किनाऱ्याला लागले, लक्ष्मण लागला नाही. प्रेतही मिळालं नाही. अशा माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मेलेला सुटतो आणि मागे राहिलेले मोकळे होतात. जमनाबायने दोन पावसाळे पुतळा करू दिला नाही. मुलीचं लग्न अडेल म्हणून आळीतल्या वडीलधाऱ्यांनी समजूत घातली तेव्हा कुठे कबूल झाली. गवताचं अंग, नारळाचं डोकं, वर लक्ष्मणचा सदरा. तो पुतळा किनाऱ्यावर जळला. हे सगळं मला गावाने सांगितलं. ती स्वतः त्याविषयी चकार शब्द काढत नसे.

काढला तो एकाच माणसाजवळ, आणि तो माणूस निघाला नरहर साखळकर.

साखळकर म्हणजे इंद्रसेनाचे जनक. आजच्या मुलांना इंद्रसेन माहीत नसेल, पण तेव्हा त्या गुप्तहेराने आम्हाला वेड लावलं होतं. तो सदा लवंग चघळत असे. सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवायचा, बराच वेळ काही बोलायचा नाही, आणि दाताखाली लवंग फुटली की खुन्याकडे बोट. आमच्या वाचनालयात धर्मग्रंथांची पानं कोरी करकरीत आणि इंद्रसेनाच्या पुस्तकांची पुठ्ठ्यावेगळी झालेली, यावरून काय ते समजा.

तर हे साखळकर एका हिवाळ्यात खोकल्यावर हवापालट म्हणून डहाणूला आले. समुद्राकाठी सुरूच्या झाडांत एक बंगला होता, तिथे उतरले. रोज सकाळी जमनाबायकडून मासळी घेत. पण नुसती घेत नसत. तिला व्हरांड्यात खुर्चीवर बसवत, स्वतः पितात तशाच कपातून चहा देत, आणि ऐकत. जमनाबायला तोवर कोणी खुर्ची दिली नव्हती. साखळकरांना ऐकण्याची कला होती, हे मी नाकारत नाही. चांगल्या चोरालाही कान असतात. महिनाभराने बरे होऊन ते मुंबईला परतले आणि वर्षाच्या आत त्यांचं नवं पुस्तक आलं: 'गवताचं प्रेत'.

इंद्रसेन डहाणूला येतो म्हटल्यावर गावाला कोण आनंद! वाचनालयात नंबर लागले. मी सेक्रेटरी, त्यामुळे पहिला हात माझा. आणि काय सांगू, अर्ध्यावर येईतो माझा जीव विटला. एका श्रीमंत शेठजीचा वाडीत खून होतो, इंद्रसेन बंगल्यात येऊन उतरतो, आणि मग आरामखुर्चीतून उठतच नाही! पावलांचे ठसे नाहीत, उलटतपासणी नाही. प्रकरणामागून प्रकरणं समुद्र बघतो, खोकतो आणि लवंगा खातो. ज्याने नुसत्या जोड्याच्या चिखलावरून माणसं फासावर चढवली, त्याला इथे दारासमोरून गेलेला मनुष्य दिसत नाही. एखादा नाणावलेला फलंदाज फॉर्म गेल्यावर नुसतं पॅड पुढे करत उभा राहतो, तसा इंद्रसेन. लेखक थकला होता, प्रकाशक घाई करत असणार, हे पानापानाला कळत होतं. शेवटच्या प्रकरणात मात्र एकदम लवंग फुटते. खुनी कोण? तर वादळात बुडालेला एक तांडेल. तो बुडालाच नव्हता! दमणला राहून चोरटी दारू आणत होता. त्याच्या बायकोने, एका मासळीवालीने, लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला गवताचा पुतळा जाळला होता. ती बाई सगळ्यांना 'तू' म्हणते, असंही वर लिहून ठेवलं होतं. म्हणजे गावाला ओळखायला काही त्रास नको.

पुस्तक गावात फिरू लागलं आणि एका संध्याकाळी जमनाबाय वाचनालयाच्या दारात येऊन उभी राहिली. टोपली डोक्यावरच.

"मास्तर, त्या पुस्तकात माजा काय लिवलाय?"

"गोष्ट आहे गं ती. बनवलेली."

"मंग सगली माज्याकडं बघून कुजबुजतात कशाला? वाच."

वाचनालयात चार-पाच मंडळी होती. ती हळूहळू सटकली. मी शेवटचं प्रकरण वाचलं. इंद्रसेन म्हणतो, 'मंडळी, पुतळ्याला फाटका सदरा घातला होता. चांगला सदरा या बाईने पेटीत जपून ठेवला आहे. मेलेल्या माणसाला सदरा कशाला लागतो?' इथे ती म्हणाली, "थांब."

मी थांबलो. तिने टोपली खाली ठेवली. विकायचं नसताना टोपली उतरवून ती कधी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

"ह्या मी त्याला सांगितला होता," ती म्हणाली. "त्याला एकट्याला. रेवाला पन ठावं नाय. जुना सदरा मी जालायला दिला नि नवा ठेवला. आला तर काय घालंल, म्हनून ठेवला."

मला संताप आला होता, तो आजही तसाच आहे. बायकोने मनाच्या तळाशी दडवलेली आशा त्या माणसाने उचलली आणि तिचा पुरावा केला! आणि तोही असल्या रद्दी पुस्तकात. चांगली कादंबरी लिहिली असती तरी मी क्षमा केली नसती, पण निदान वाचताना काहीतरी मिळालं असतं.

"जमना इसरत नाय," एवढंच म्हणून तिने टोपली उचलली.

पुढे जे झालं त्याला अक्कल नावाची गोष्ट नव्हती. डहाणूत खून झालाच नव्हता, तो शेठजी डहाणूत जन्मलाच नव्हता, पण खुनी मात्र लोकांना पटला! ते दारूबंदीचे दिवस. दमण पोर्तुगीजांचं आणि तिथली बाटली रात्रीची समुद्रावरून येते हे शेंबड्या पोरालाही माहीत. कोणीतरी चुगली केली आणि शिपाई येऊन तिचं घर उलटंपालटं करून गेले, सुक्या बोंबलाच्या कणग्यासुद्धा रित्या केल्या. त्याहून वाईट म्हणजे रेवाचं ठरलेलं लग्न थांबलं. मुलगा चिखल्याचा, त्याचा बाप नथुबाबा मोठा देवभोळा. तो म्हणाला, "तांडेल जिता असंल तर तुमी जित्या मानसाला अग्नी दिला. त्या घरातली पोर आमी कशी आनायची? जिता का मेला ते पक्का करा, मंग बोलू."

"अरे, ती गोष्ट हाय!" जमनाबाय ओरडली.

"छापलाय ना?" नथुबाबा म्हणाला. त्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे छापलेल्यावर त्याचा फार विश्वास.

मग जमनाबाय माझ्याकडे आली. या खेपेला आवाज अगदी शांत होता. "मास्तर, असल्या पुस्तकाचा जीव कशात असतो?"

मी म्हटलं, "खुनी कोण, ते शेवटपर्यंत कळू नये यात."

"मंग सांग. त्याच्या सगल्या पुस्तकांतले सगले खुनी सांग."

मी कपाटातून इंद्रसेनाची पुस्तकं काढली आणि एकेक करून सांगत गेलो. इतक्या आनंदाने मी शाळेत कधी शिकवलं नाही. ज्या बाईला बाजारातले सगळे भाव तोंडपाठ, तिला दहा-वीस खुनी म्हणजे काय! दुसऱ्या दिवसापासून डहाणूत नवी आरोळी सुरू झाली.

"पापलेट घ्याऽ, बोंबील घ्याऽ! काल्या बंगल्यात वकिलानं मारलाऽ! कोलंबी घ्याऽ! हिऱ्याच्या हारात भाऊच चोरऽ!"

निवृत्त मामलेदार व्हरांड्यात पाय पसरून वाचत बसले होते. त्यांना नर्सचा संशय होता आणि तो ते आठवडाभर उराशी धरून होते. जमनाबायने फाटकातून वाकून मुखपृष्ठ पाहिलं. मुखपृष्ठांची चित्रं मी तिला दाखवून ठेवली होती. "नर्स नाय ती," ती म्हणाली. "कंपाउंडर." मामलेदारांनी पुस्तक अंगणात भिरकावलं आणि चप्पल न घालता माझ्याकडे तक्रार घेऊन आले. मी गंभीर चेहऱ्याने लिहून घेतो असं सांगितलं आणि लिहिलं नाही.

स्टेशनवर तर तिने कहर केला. गाडी थांबली की पुस्तकांच्या गाड्याशेजारी टोपली मांडून बसायची. कोणी साखळकरांचं पुस्तक हातात धरलं की निकाल लागलाच. गुजराती प्रवाशाला गुजरातीत, मराठीला मराठीत. गाडेवाला आधी चिडला, मग त्याने तिच्या पाया पडून ती पुस्तकं मागवणंच बंद केलं. साखळकरांचं नवीन पुस्तक निघालं की मी ते मुंबईहून पहिल्या टपालाने मागवी, रात्रीत संपवी आणि सकाळी खुनी जमनाबायच्या टोपलीत घाली. वाचनालयाचे कितीतरी सभासद तुटले. चिकूच्या वाड्यांपासून रानशेतच्या शाळेपर्यंत इंद्रसेनाचं नाव कोणी काढीना. इंद्रसेनही दिवसेंदिवस ढेपाळतच चालला होता, त्यामुळे आमचं काम सोपं झालं.

पण यातून रेवाचं लग्न होत नव्हतं. आरोळी देऊन घरी गेल्यावर जमनाबाय किती वेळ ओट्यावर नुसती बसून राहते, ते रेवा मला सांगायची.

आणि मग काही वर्षांनी साखळकर पुन्हा आले. खोकला वाढला होता. त्याच बंगल्यात उतरले. पहिल्या सकाळी वाट बघितली, मासळीवाली आली नाही. दुसऱ्या सकाळी दुसऱ्या बाईला हाक मारली, ती ऐकू न आल्यासारखी पुढे गेली. तिसरीने टोपलीवर फडकं ओढलं. आळीतल्या सगळ्या बायकांनी त्यांना मासळी बंद केली होती. समुद्र समोर, जाळी वाळतायत, वासाने माणूस वेडा व्हावा, आणि हे गृहस्थ बटाट्याची भाजी खातायत! मासे म्हणजे ज्यांचा प्राण अशा घरातला माणूस. मला कोणी विचारलं तर मी सांगेन की त्या आठवड्यात मी मुद्दाम त्यांच्या बंगल्यावरून फिरायला जात असे.

शेवटी ते वाचनालयात आले. किती खंगले होते! मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

"मास्तर, काय हवंय तिला? मी मासिकात दिलगिरी छापतो. हवं तर पुढच्या पुस्तकात इंद्रसेनाच्या तोंडी चूक कबूल करवतो."

मी निरोप पोचवला. जमनाबाय हसली. "छापून झाला तेवढा पुरे. नथुबाबाला वाचता येतो काय?" त्याच सुमारास दमण मोकळं झालं होतं. पोर्तुगीज गेले, नाकी उठली, कोणीही जावं-यावं असं झालं होतं. ती म्हणाली, "त्याला सांग, माजा नवरा दमनला हाय ना? मंग चल, शोधून दे. तुजा हुशार मानूस घेऊन ये."

साखळकर आले. न येऊन काय करतात? गवताच्या व्यापाऱ्याचा एक ट्रक तलासरीवरून दमणकडे रिकामा जाणार होता, त्यात आम्ही चढलो. पुढे ड्रायव्हरशेजारी खोकणारे साखळकर, मागे मी, जमनाबाय आणि तिने चिखल्याहून हाताला धरून आणलेला नथुबाबा. डोक्यावर टोपली नसली की ती निराळीच दिसायची, जरा बुटकी.

दमणला मासेमारांच्या आळीत शिरलो. तिने साखळकरांना पुढे घातलं. "तू इचार. तूच लिवलास."

साखळकरांनी पहिल्या दारात मोडक्या गुजरातीत विचारलं, इथे लक्ष्मण टंडेल राहतो का? आतून बाई म्हणाली, राहतो की! आणि आत वळून हाक मारली, "लक्ष्मण!"

मी जमनाबायकडे पाहिलं. तिने झटकन पदर सारखा केला.

बाहेर आला एक दात पडलेला म्हातारा. लक्ष्मणला ओळखणाऱ्या नथुबाबाने त्याला नीट न्याहाळून "ह्यो नव्हं" म्हटलं. साखळकर वळू लागले तर जमनाबायने अडवलं. "तू पन बोल." ज्यांनी लक्ष्मणला जन्मात पाहिलं नव्हतं त्या साखळकरांना म्हणावं लागलं, "हा नव्हे."

एक गोष्ट आमच्या कोणाच्या लक्षात आली नव्हती. दमणच्या त्या आळीत दर दोन घरांआड टंडेल, तिकडे ते आडनावच, आणि लक्ष्मण नावाला तर तोटाच नाही. एका घरातून मिशीवाला निघाला, एका घरातून पाळण्यातला, एका घरी सांगितलं की लक्ष्मण जाळ्यावर गेलाय, थांबा; तर थांबलो. प्रत्येक दारात साखळकर विचारत, प्रत्येक दारात आत हाक जाई, आणि प्रत्येक हाकेला जमनाबायचा हात पदराकडे जाई. मग कोणीतरी परका उंबऱ्यात येई. "ह्यो नव्हं." "हा नव्हे." पोरं गोळा झाली, मागे मागे फिरू लागली, लक्ष्मण-लक्ष्मण म्हणून नाचू लागली. साखळकरांचा सदरा घामाने पाठीला चिकटला. एका ओट्यावर त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की घरातल्या बाईने पाणी आणून दिलं. जमनाबाय बाजूला उभी राहून त्यांचं पाणी पिऊन होण्याची वाट बघत होती. "झाला? चल, पुढचा घर."

सूर्य कलला तेव्हा आम्ही धक्क्यापाशी आलो होतो. साखळकर एका उलट्या होडीला टेकून खालीच बसले. नथुबाबासमोर, त्या सगळ्या पोरांसमोर, जाळी विणत बसलेल्या माणसांसमोर त्यांनी जमनाबायपुढे हात जोडले.

"बाई, इथे कोणी नाही. कधीच नव्हतं. तुमचे यजमान त्या वादळातच गेले. मला शेवट सुचत नव्हता, तुम्ही विश्वासाने सांगितलेलं मी वापरलं. खोटं लिहिलं. या बाबांना मी शपथेवर सांगतो, खोटं लिहिलं."

रडत होते. मला फार बरं वाटलं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच होतं.

नथुबाबा जमनाबायच्या समोर येऊन म्हणाला, "माजी चूक झाली, जमना. तांडेल दर्यातच गेला. वैशाखात पोरांचा लगीन लावून टाकू." आणि साखळकरांना त्याने दंडाला धरून उभं केलं.

जमनाबायला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ट्रकवाला भोंगा वाजवत होता, तिकडे आम्ही वळलो. दहा-बारा पावलं गेल्यावर लक्षात आलं की ती बरोबर नाही.

"तुमी बसा गाडीत," ती म्हणाली. "मी आलेच. पल्याडची गल्ली राहिली."

"आता कशाला?" नथुबाबा म्हणाला. "झाला ना सगला?"

तिने मागे पाहिलं नाही. साखळकरांनाही बोलावलं नाही. एकटीच गेली. गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर होतं, दार अर्धं लोटलेलं. ती उंबऱ्याशी थांबली, पदर सारखा केला आणि जिच्या आवाजावर आमच्या गावात कढया चढत, त्या बाईने इतक्या हळू विचारलं की मला ते नुसतं ओठांवरून कळलं.

"लक्ष्मन हाय का घरात?"